चारशे आठ किलो

सगळं लिफ्टपासून सुरू झालं, असं मापसाहेब म्हणतात. वहिनी म्हणतात, तळ्यापासून. दोघांचंही खरं आहे. पण मापसाहेबांच्या म्हणण्याला सरकारी शिक्का असतो, तेव्हा आपण लिफ्टपासून सुरू करू.

मापसाहेब वजनमापे कार्यालयात निरीक्षक. एकतीस वर्षं दुकानदारांचे काटे तपासायचे, खरे निघाले तर शिक्का मारायचा, संशय आला तर सील ठोकायचं, यात त्यांचं नावच मापसाहेब पडलं. त्यांची बायको म्हणजे साऱ्या इमारतीची वहिनी. दोघं चौथ्या मजल्यावर राहतात. एकुलती लेक लग्न होऊन लांब गेली. ती रोज फोन करते आणि एकच प्रश्न विचारते, "जेवलात का?" जेवलेले असतात. गेल्या पंधरा वर्षांत या घरात जेवायचं राहून गेलंय असं एकदाही झालेलं नाही.

लिफ्ट इमारतीएवढीच जुनी, बावीस वर्षांची. जाळीचे सरकते दरवाजे, आत एक आरसा आणि आरशाच्या वर पितळी पाटी : 'सहा माणसे, ४०८ किलो'. सुरुवातीला सहा माणसं चढायची, शिवाय कुणाच्या तरी खांद्यावर गादीची वळकटी असायची, आणि लिफ्ट हूं की चूं न करता वर जायची. पुढे कधीतरी सहावा माणूस चढला की घंटा वाजायला लागली. लोक हसले आणि सहावा जिन्याने गेला. मग काही वर्षांनी पाचव्यालाही घंटा वाजायला लागली, तेव्हा मात्र हसणं बंद झालं.

घंटा वाजल्यावर आत काय चालतं ते बघण्यासारखं असतं. पाचही जण एकदम छताकडे बघतात, जणू वजन वरूनच कुठून तरी आलंय. मग सगळ्यांचे डोळे हळूच खाली येतात आणि एकमेकांच्या पोटांवरून फिरतात. मग चेअरमन, म्हणजे इमारतीच्या कमिटीचे अध्यक्ष, ज्यांचा सदरा पोटावरच्या एकाच बटणाच्या जिवावर उभा असतो, ते म्हणतात, "लिफ्ट म्हातारी झाली हो. झेपत नाही तिला." तीन वेळा मेकॅनिक आला आणि तिन्ही वेळा म्हणाला, "लिफ्टला काही झालेलं नाही." तीन वेळा कमिटीने मेकॅनिक बदलला.

आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी चौघे आत होते आणि पाचव्या वहिनी चढल्या. घंटा वाजली. छताकडे बघून झालं. वरची टाकी बघायला आलेले चेअरमन म्हणाले, "काही नाही वहिनी, लिफ्टच बिघडलीय." वहिनी हसल्या, "तुम्ही व्हा पुढे, मी मागून येते," म्हणाल्या आणि उतरल्या. घंटा थांबली. लिफ्ट खाली गेली.

आता यातली खरी गोष्ट अशी, की त्या चौघांत मापसाहेब होते. शहाण्णव किलो. त्यांना पक्कं माहीत होतं, कारण दर सोमवारी कार्यालयाच्या काट्यावर ते स्वतःचं वजन करतात आणि वहीत लिहितात. उतरायचं तर त्यांनी उतरायला हवं होतं. पण घंटा वाजली तेव्हा ते पाटीकडे बघत मनात भागाकार करत होते : चारशे आठ भागिले पाच, एक्याऐंशी पूर्णांक सहा दशांश. भागाकार संपला तेव्हा लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर आली होती.

वहिनी मागून आल्याच नाहीत. त्या दिवशी नाही आणि नंतरही फारशा नाहीत. आधी गर्दी नसेल तेव्हा उतरायच्या, मग औषधापुरत्या, मग तेही खालचा दुकानदार टोपलीतून वर पाठवायला लागला. ही टोपली म्हणजे त्या दुकानदाराची अक्कल. चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून दोरीला बांधलेली टोपली खाली सोडायची, त्याने त्यात बिस्किटं, कुरकुरीत तळणाच्या पाकिटांच्या माळा आणि थंड पेयाच्या बाटल्या भरायच्या, की आपण वर ओढायची. चारी मजल्यांच्या टोपल्या दिवसभर वरखाली करत असतात. त्या इमारतीत कुणाच्या शरीराला काही व्यायाम होत असेल तर तो त्या दोरी ओढणाऱ्या हातांना.

वहिनींनी मापसाहेबांना एका शब्दाने काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

मग एका बुधवारी वर्तमानपत्र हातात घेऊन त्या म्हणाल्या, "अहो, तळं बुजवताहेत. येत्या सोमवारपासून माती टाकणार. वर मोठं दुकान आणि गाड्या लावायची जागा होणार आहे म्हणे."

"कुठलं तळं?"

वहिनींनी नुसतं बघितलं. मापसाहेबांना लगेच कळलं कुठलं. दुसरं तळं होतंच कुठे?

लग्न झालं तेव्हा दोघं एका खोलीत राहायची. मापसाहेब तेव्हा नुसते सहायक होते. खांद्याला वजनांची पेटी, पायांत चपला आणि दिवसाला तीन बाजार पालथे घालायचे. संध्याकाळी घरी आले की वहिनी दाराला कुलूप लावून तयार असायच्या. मग दोघं चालत तळ्यावर. काठाला एक सपाट दगड होता, त्यावर बसून वहिनी चपला काढायच्या, पाय पाण्यात सोडायच्या आणि म्हणायच्या, "सांगा, आज बाजारात काय झालं?" मापसाहेब सांगायचे. कुणी काट्याखाली मेण लावलं, कुणी किलोचं वजन आतून पोखरलं, कुणाला पकडल्यावर घेरी आली. वहिनी इतक्या हसायच्या की पलीकडे कपडे धुणाऱ्या बायका वळून बघायच्या. लेकीचं नाव त्याच दगडावर ठरलं. ही जागा घ्यायची हेही तिथेच ठरलं, लिफ्ट आहे म्हणून.

ते जाणं कधी थांबलं, हे दोघांनाही आठवत नाही. कुणी ठरवून थांबवलं नव्हतं. मापसाहेबांना बढती मिळून जीप आली, मग संगणक आला आणि बाजार टेबलावर आले. घरात पाणी नळाला आलं, दळण गिरणीतून पिशवीबंद आलं. तळ्याकडच्या रस्त्याचे पदपथ दुकानांनी खाल्ले, आणि रस्ता ओलांडायचा म्हणजे घरी निरोप सांगून निघावं अशी वेळ आली. आणि खाणं! मापसाहेबांच्या वडिलांच्या बरगड्या लांबून मोजता यायच्या. वहिनींच्या माहेरी सहा भावंडांत एक केळं सहा तुकडे होऊन यायचं. ज्यांनी असे दिवस काढले त्यांच्या घरात डबे भरलेले असण्याचं सुख काय असतं, ते बाकीच्यांना नाही कळायचं. पाहुणा आला की भरपूर, पाहुणा गेला की उरलेलं, आनंद झाला की गोड आणि आनंद नसला तरी गोडच. आता बोलणं उरलं ते एवढंच : "गोळी घेतलीस?" "पाणी आलं का?" "आवाज कमी कर जरा."

"रविवारी जाऊन येऊ या का?" वहिनी म्हणाल्या. "एकदाच. बुजवायच्या आधी."

"जाऊ की," मापसाहेब म्हणाले.

"पण लिफ्ट..." एवढंच बोलून वहिनी आत गेल्या. रविवारी लिफ्टला गर्दी असते. आणि वहिनींच्या गुडघ्यांना बहात्तर पायऱ्या म्हणजे चेष्टा नव्हती.

मापसाहेबांच्या मनाने तिथल्या तिथे घेतलं. लिफ्ट खोटी आहे हे सिद्ध करायचं. सगळ्यांसमोर, पुराव्यानिशी. म्हणजे त्या दिवशी घंटा वहिनींमुळे वाजली नाही हे जगाला कळेल, आणि रविवारी वहिनी ताठ मानेने लिफ्टमधून उतरतील. एकतीस वर्षांत एखादा काटा खोटा निघावा असं त्यांना पहिल्यांदाच वाटत होतं.

शनिवारी दुपारी जीपमधून वजनं आली. वीस किलोची वीस, शिवाय पाच, दोन, एक आणि अर्ध्या किलोचं एकेक. 'बाहेर नेण्याचे कारण' या रकान्यात मापसाहेबांनी 'पडताळणी' असं लिहिलं होतं. तळमजल्यावर सगळी इमारत जमली. चेअरमन खुर्ची घेऊन बसले. तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई वही घेऊन आल्या, कारण कुठेही काही मोजलं जात असलं की त्या नोंद करतात. दुकानदाराने सगळ्यांना पाकिटं वाटली. आणि वर चौथ्या मजल्याच्या कठड्याला टेकून वहिनी उभ्या होत्या.

मापसाहेब एकेक वजन उचलून लिफ्टमध्ये ठेवत गेले. दहाव्या वजनाला त्यांना धाप लागली, पंधराव्याला डोळ्यांपुढे तारे आले, पण सरकारी वजनाला दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही हा नियम. चारशे झाले. घंटा गप्प. पाच ठेवले. गप्प. दोन ठेवले, एक ठेवलं. चारशे आठ. गप्प.

मापसाहेबांनी अर्ध्या किलोचं वजन दोन बोटांत धरून वर ठेवलं.

घंटा वाजली.

काढलं, थांबली. ठेवलं, वाजली. पाच वेळा केलं. मापसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. असा खरा काटा त्यांनी उभ्या बाजारात पाहिला नव्हता. बावीस वर्षं तेल नाही, पाणी नाही, कुणी कौतुकाचा शब्द बोललं नाही, आणि अर्ध्या किलोची चूक नाही! दुसऱ्या क्षणी त्यांना वहिनींची आठवण झाली.

"काय निघालं?" चेअरमननी विचारलं.

खोटं बोलायचं असतं तर हीच वेळ होती. मापसाहेबांनी तोंड उघडलंही. पण एकतीस वर्षांची सवय, तोंडातून खरंच बाहेर पडलं. "लिफ्ट खरी आहे."

"मग खोटं कोण?" मास्तरीणबाईंनी पेन्सिल वर करून विचारलं.

पाकिटांचा कुरकुर आवाज थांबला. मापसाहेबांनी वर पाहिलं. कठड्यापाशी कुणी नव्हतं.

चेअरमन उठले. खुर्चीही त्यांच्याबरोबर थोडी उठली. "अहो, लिफ्ट खरी कशावरून? तुमची वजनं खोटी असतील!"

मापसाहेबांना असं आजवर कुणी बोललं नव्हतं. त्यांचे कान लाल झाले. "या वजनांचं प्रमाणपत्र आहे, साहेब. दर वर्षी मोठ्या प्रयोगशाळेतून तपासून येतात ती!" आणि त्यांनी खिशातून प्रमाणपत्र काढून फडकावलं.

ते मास्तरीणबाईंनी घेतलं आणि वाचलं. "याची मुदत तर नऊ दिवसांपूर्वी संपलीय."

एका दिवसाची मुदत उलटली म्हणून ज्याने रडणाऱ्या दुकानदारांचे काटे उचलून आणले होते, त्या माणसाचं काय झालं असेल ते तुम्हीच समजा. लोक एकदम बोलायला लागले. चेअरमन म्हणाले, "वजनं जशीच्या तशी राहू द्या. पंच बोलवू, मगच हलवायची." आणि त्या गोंधळात मापसाहेबांच्या हातांनी, डोक्याला न विचारता, तेच केलं जे संशय आल्यावर ते एकतीस वर्षं करत आले होते. जाळीचा दरवाजा ओढला, कडीतून तार ओवली, शिशाची गोळी बसवली आणि पकडीने दाबून सरकारी शिक्का उमटवला. कट्ट!

लिफ्टला सील लागलं. आत चारशे साडेआठ किलो सरकारी वजनं होती आणि वर चौथ्या मजल्यावर वहिनी.

रविवार तसाच गेला. सोमवारी सकाळी मातीचे ट्रक सुरू झाले. ते इमारतीसमोरूनच जायचे. वहिनी गॅलरीत खुर्ची टाकून बसायच्या आणि जेवताना सांगायच्या, "आज चाळीस गेले." दुसऱ्या दिवशी, "आज बावन्न." मापसाहेबांना घास उतरेनासा झाला, आणि त्यांच्या बाबतीत हे किती गंभीर आहे ते जाणणारे जाणतील.

सरकारी सील ते लावणाऱ्या माणसालाही वरिष्ठांच्या लेखी हुकमाशिवाय काढता येत नाही. मापसाहेबांनी मोठ्या साहेबांना अर्ज केला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं : 'लिफ्ट हे वजनाचे साधन नसल्यामुळे ती सील करण्याचा या कार्यालयास अधिकार नाही. सबब, सील काढण्याचाही अधिकार नाही.' मापसाहेबांनी हे चार वेळा वाचलं. चूक काढायला जागा नव्हती. मग ते लिफ्ट तपासणाऱ्या कार्यालयात गेले. तिथल्या कारकुनाने चहा पाजला आणि सांगितलं, "लिफ्ट आमची, पण सील तुमचं. आम्ही हात लावला तर आम्ही आत." परत आले तो टेबलावर मेमो : 'प्रमाण वजने अद्याप परत का केली नाहीत, याचा तीन दिवसांत खुलासा करावा.' खुलासा केला : वजनं सुरक्षित आहेत, सीलबंद आहेत. त्यावर शेरा आला : 'सील काढून वजने समक्ष सादर करावीत.' त्यावर त्यांनी लिहिलं : 'सील काढण्याचा अधिकार कुणाचा, हे कळवावे.' त्यावर मात्र कुणी काही कळवलं नाही.

इमारतीत सल्ल्यांना तोटा नव्हता. दुकानदार म्हणाला, "साहेब, मी पकडीने तोडतो आणि मांजराने तोडलं म्हणून सांगू." मास्तरीणबाई म्हणाल्या, लिफ्टच्या छताला झडप असते, तिथून एकेक वजन बाहेर काढावं. झडपेतून आत कोण उतरणार, असं विचारल्यावर सगळ्यांनी एकमेकांच्या कमरांकडे पाहिलं आणि तो विषय संपला. चेअरमनना मात्र मनातून लागलं होतं. ते एका संध्याकाळी वर आले आणि म्हणाले, "वहिनी, काळजी करू नका. आम्ही चौघे तुम्हाला खुर्चीत बसवून अलगद खाली नेतो."

"नको हो," वहिनी म्हणाल्या.

"आधी रिकामी खुर्ची नेऊन बघतो. रंगीत तालीम!"

चेअरमन, दुकानदार, मास्तरीणबाईंचे यजमान आणि मापसाहेब असे चौघे चार पायांना लागले. रिकामी खुर्ची उचलली. तिसऱ्या मजल्यापर्यंत चेअरमन सूचना देत होते. तिसऱ्याच्या खाली सूचना थांबल्या आणि नुसत्या फुंकरा ऐकू यायला लागल्या. दुसऱ्या मजल्यावर मास्तरीणबाईंच्या यजमानांनी खुर्ची खाली ठेवली आणि स्वतः तिच्यात बसले. दुकानदार पायरीवर बसला. चेअरमन भिंतीला धरून म्हणाले, "जरा... दम... खुर्ची जड आहे हो." सगळ्यांना हुशारी यावी म्हणून कुणाच्या तरी टोपलीतून चार थंड बाटल्या मागवल्या गेल्या. चौघांनी प्यायल्या. खुर्ची तिथेच राहिली.

वहिनी वरून बघत होत्या. त्या हसतील असं मापसाहेबांना वाटलं होतं. पण त्या म्हणाल्या, "सोडा आता. तळं काय, गेलंच म्हणायचं." आणि टीव्ही लावला.

त्या दिवशी मापसाहेब बराच वेळ मोरीत तोंड धूत राहिले.

सील पुढे कधी निघालं ते इथेच सांगून टाकतो, नंतर सांगायचं मन होणार नाही. दीड महिन्याने निघालं. वजनं तपासून आली, खरी निघाली. लिफ्ट सुरू झाली आणि पाचवा माणूस चढताच घंटा वाजली. आता दारावर एक नवीन पाटी आहे : 'चार माणसे'. ती लावल्यापासून कुणाचीच तक्रार नाही.

पण आपण परत येऊ. अकराव्या दिवशी मापसाहेब कार्यालयातून लवकर आले. चार वाजले होते. ते गॅलरीत गेले आणि म्हणाले, "आज किती गेले?"

"मोजले नाहीत," वहिनी म्हणाल्या.

"चल."

"कुठे?"

"उतरू. जिन्याने. आपण दोघंच."

"अहो, बहात्तर पायऱ्या आहेत."

"मग? आपल्याला कुठे घाई आहे? मी स्टूल घेतो. प्रत्येक वळणावर बसायचं." वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या हातात खरंच स्वयंपाकघरातलं प्लॅस्टिकचं स्टूल होतं, आणि चेहरा असा, की नाही म्हटलं असतं तर ते स्टूल घेऊन एकटेच गेले असते.

वहिनींनी नवं पातळ काढलं आणि केस विंचरले. दाराला कुलूप त्यांनीच लावलं.

एक पायरी, मग दुसरी. एक हात कठड्याला, एक मापसाहेबांच्या खांद्याला. पहिल्या वळणावर स्टूल. वहिनी बसल्या, मापसाहेब पायरीवर बसले. काही तरी बोलायला हवं म्हणून मापसाहेब म्हणाले, "गोळी घेतलीस?" वहिनी म्हणाल्या, "घेतली." तिसऱ्या मजल्यावर मास्तरीणबाईंनी दार उघडून "तिरप्या उतरा, तिरप्या!" असं सांगितलं. दुसऱ्यावर ती खुर्ची अजून तशीच होती, तिच्यात वहिनी ऐसपैस बसल्या आणि म्हणाल्या, "तुमची चौघांची काय अवस्था झाली होती हो त्या दिवशी!" आणि एकदम हसायला लागल्या. हसू आवरेना. "रिकाम्या खुर्चीने! रिकाम्या!" मापसाहेबही हसायला लागले. पहिल्या मजल्यावर चेअरमन दारात आले, काही तरी सल्ला द्यायला तोंड उघडलं, आणि दोघांना हसताना बघून तसेच आत गेले.

पाऊण तास लागला. तळमजल्यावर सील लावलेल्या लिफ्टसमोरून जाताना वहिनींनी जाळीतून आत डोकावलं. चोवीस वजनं ओळीत बसली होती. "बरी बसलीत," त्या म्हणाल्या.

रिक्षा केली. तळ्यापाशी उतरले तो काय, चहूबाजूंनी पत्रे ठोकलेले. एकच फाटक, तिथे ट्रकांची रांग आणि एक रखवालदार. "आत जायला मनाई आहे. काम चालू आहे."

वहिनी म्हणाल्या, "जाऊ द्या हो. पत्र्याच्या फटीतून बघू."

मापसाहेबांनी फाटकातून आत पाहिलं. आणि त्यांना ट्रक तोलायचा काटा दिसला. माती किती आली हे मोजायला ठेकेदाराने जमिनीत बसवलेला, लांबरुंद लोखंडी. बाजूला खोपटं, खोपट्यावर लाल आकड्यांची पेटी. त्यांनी खिशात हात घातला. एकतीस वर्षांत ते ओळखपत्र त्यांनी खासगी कामाला कधी काढलं नव्हतं. सिनेमाच्या तिकिटालासुद्धा नाही.

"वजनमापे निरीक्षक," ते म्हणाले. "काटा तपासायचाय."

रखवालदार सावरून उभा राहिला. "या साहेब. आणि या बाई?"

"पंच आहेत."

आत गेल्यावर मापसाहेबांनी काटा खरोखर तपासला, कारण नुसतं सोंग घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं. प्रमाणपत्र मागितलं, मुदत बघितली, सील बघितलं. सगळं ठीक होतं. शून्य दाखवतोय का ते बघितलं. मग ते स्वतःच लोखंडावर चढले आणि वहिनींकडे हात केला. "ये."

वहिनी दोन पावलं मागे सरल्या. लग्न झाल्यापासून त्या मापसाहेबांसमोर कुठल्याच काट्यावर उभ्या राहिल्या नव्हत्या. डॉक्टरकडेही त्यांना आधी बाहेर पाठवायच्या. "मी नाही. एवढे लोक बघताहेत."

"अगं, इथे ट्रक चढतात. आपलं काय एवढं!"

वहिनींनी डोळे मिटले, त्यांचा हात धरला आणि चढल्या. पेटीवर लाल आकडे हलले आणि थांबले. एकशे नव्वद.

मापसाहेबांचे स्वतःचे शहाण्णव होते. आयुष्यभर त्यांनी वजाबाक्याच केल्या होत्या, भरल्या पोत्यातून रिकामं पोतं वजा. ही वजाबाकी तर पहिलीतलं मूलही करील. मापसाहेबांनी ती केली नाही.

"किती?" डोळे मिटूनच वहिनींनी विचारलं.

"दोनशेच्या आत आहे," मापसाहेब म्हणाले. "या काट्यावर दोनशेच्या आतलं वजन धरत नाहीत. नियम आहे तसा."

"म्हणजे?"

"म्हणजे कायद्याने आपल्याला दोघांना मिळून वजनच नाही."

वहिनींनी डोळे उघडले. आकडे वाचले नाहीत, मापसाहेबांकडे बघितलं. मागे ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. "अरे थांब रे बाबा जरा," वहिनी त्याला म्हणाल्या, "उभं राहू दे की!"

तळं म्हणजे आता एका कोपऱ्यात उरलेलं पाणी होतं, दोन खोल्यांएवढं. सपाट दगड त्याच कोपऱ्यात होता. अर्धा मातीखाली, अर्धा वर. तिथवरची पन्नास पावलं वहिनी चालल्या. दगडावर बसल्या, चपला काढल्या आणि सुजलेले पाय पाण्यात सोडले. पाणी गढूळ होतं. पलीकडे एक ट्रक मागे मागे येत होता.

"सांगा," वहिनी म्हणाल्या, "आज बाजारात काय झालं?"

मापसाहेब अकरा वर्षांत बाजारात गेले नव्हते. ते शेजारी बसले. उरलेल्या दगडावर दोघं जेमतेम मावत होती.

"एक लिफ्ट होती," ते म्हणाले. "फार खरी. अर्ध्या किलोला फसायची नाही."

"बरं."

"एकदा घंटा वाजली. आत एक शहाण्णव किलोचा माणूस होता. त्याने उतरायला हवं होतं."

"हवं होतं," वहिनी म्हणाल्या.

"तो उतरला नाही."

पलीकडे ट्रकने माती ओतली, पाण्यावर एक लाट उठली आणि वहिनींच्या घोट्यांपर्यंत आली.

"आज उतरला की," त्या म्हणाल्या. "चार मजले."